हिरड्यांची स्टेज-ग्रेड आणि इम्प्लांट: केसपेपरवर निदानाची ओळ नेमकी काय लिहायची?

कपाशी_ओपीडी (धागाकर्ता)

तालुक्याच्या ठिकाणचे केसपेपर चाळले, मग ते ग्रामीण रुग्णालयातले असोत की खासगी दवाखान्यातले, तर हिरड्यांच्या रकान्यात अजूनही 'क्रॉनिक जनरलाइज्ड पेरिओडोन्टायटिस' (हाडापर्यंत गेलेला हिरड्यांचा आजार) एवढंच लिहिलेलं सापडतं. क्रॉनिक आणि अ‍ॅग्रेसिव्ह ही १९९९ची वाटणी नोव्हेंबर २०१७मध्ये शिकागोच्या जागतिक कार्यशाळेत बाद झाली आणि जून २०१८मध्ये स्टेज-ग्रेडचं (स्टेज म्हणजे आजार किती झाला, ग्रेड म्हणजे किती वेगानं वाढतोय) नवीन वर्गीकरण छापून आलं. त्यात इम्प्लांटभोवतीच्या (हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाभोवतीच्या) आजारांच्या व्याख्याही पहिल्यांदाच आल्या. तक्ते सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. घोडं अडतं ते आकडे भरताना. म्हणून सरावासाठी एक केस रचली आहे, तिच्यावरच बोलू.

पुरुष, वय ४८, शेती. मधुमेह आहे, गोळ्या चालू, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.६. विडी-सिगारेट नाही. खर्रा (सुपारी-तंबाखू-चुना) दिवसाला ५ पुड्या, डाव्या गालात. तोंडात स्वतःचे २४ दात (अक्कलदाढा धरल्या नाहीत). ४६च्या जागी (पहिला आकडा जबड्याचा चतुर्थांश, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात) इम्प्लांट, नागपूरला बसवलेला, कागद नाहीत. १६, २६, ३६ नाहीत. १४४ पैकी ६१ जागी रक्त. सर्वांत वाईट जागा २५ची मागची बाजू: पॉकेट (दात आणि हिरडीमधली खोली) ६ मिमी, हिरडीची कड सीईजेच्या (दाताचा माथा आणि मूळ मिळतात त्या रेघेच्या) १ मिमी वर, म्हणजे चावायच्या टोकाकडे. आयओपीएवर (एक-दोन दातांच्या छोट्या एक्स-रेवर) त्याच जागी सीईजेपासून हाड ६ मिमी, सीईजेपासून मुळाचं टोक १२ मिमी. दातांच्या मधल्या बाजूंना अटॅचमेंट लॉस (सीईजेपासून सुटलेला दाताचा आधार) एकूण १० दातांना. ३३, ३४, ३५ला गालाकडून हिरडी ४ मिमी उतरलेली, पॉकेट २, मधल्या बाजू ठीक. इम्प्लांटला मागून ६ मिमी पॉकेट, रक्त येतं, पू नाही.

निदानाची ओळ लिहा, आणि ती तशी का हेही.

यूएनसी_पंधरा

आधी २५चा हिशेब, कारण चूक तिथेच होते. कड सीईजेच्या वर असेल तर पॉकेटमधून वजा करायचं: ६ वजा १, म्हणजे अटॅचमेंट लॉस ५. कड खाली उतरली असेल तर मिळवायचं. नुसतं पॉकेट पाहून स्टेज ठरवणारे इथे ६ लिहितात. या केसमध्ये फरक पडत नाही, कारण ५ला स्टेज ३ लागतेच. पण पॉकेट ६ आणि कड २ मिमी वर असेल तर लॉस ४ होतो, आणि तो स्टेज २चा आकडा आहे. अमलोडिपिन घेणाऱ्या बीपीच्या काही रुग्णांत हे होतं. हिरडी फुगून दातावर चढते, प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) ६ दाखवतो आणि हाड जागच्या जागी असतं. औषधांचा कागद न मागता स्टेज लिहू नये.

स्टेजचे आकडे एकदा लिहून टाकतो. मधल्या बाजूचा लॉस सर्वांत वाईट जागी १ ते २ मिमी असेल तर स्टेज १, ३ ते ४ असेल तर २, ५ किंवा जास्त असेल तर ३ किंवा ४. एक्स-रेवर हाड मुळाच्या १५ टक्क्यांच्या आत गेलं असेल तर १, १५ ते ३३ टक्के असेल तर २, मधल्या तिसऱ्या भागात किंवा त्याखाली उतरलं असेल तर ३-४. तीन आणि चारमधला फरक मिमीवर ठरत नाही. हिरड्यांमुळे किती दात गेले आणि चावणं कितपत कोलमडलं, त्यावर ठरतो.

झाडीपट्टी_दंत

दात गेले त्याचं कारण कोण विचारतं राजेहो? तीन दात नाहीत आणि चौथ्याच्या जागी इम्प्लांट, म्हणून चार मोजून मोकळे. ४६ किडून, रूट कॅनल फसून गेला असेल तर तो या हिशेबात येत नाही. 'दात कसा गेला?' असं विचारलं तर 'काढला' एवढंच उत्तर मिळतं. 'हालत होता का दुखत होता?' असं विचारायचं. 'हालून रायला होता, मंग हातानंच काढला जी' हे उत्तर आलं की तो हिरड्यांमुळे गेला. रात्रभर ठणकला, गाल सुजला, मग शिबिरात काढला, असं सांगितलं तर बहुधा कीड. आठवतच नसेल तर 'कारण अज्ञात' लिहा आणि मोजू नका.

स्टेज ४साठी असे ५ किंवा जास्त दात हवेत. नाहीतर २०पेक्षा कमी दात उरलेत, समोरचे दात पंख्यासारखे पसरलेत, मागचा चावा बसून गेलाय, दात दुसऱ्या डिग्रीचे हलतात, यांपैकी काहीतरी हवं. या केसमध्ये १६ आणि २६ हातानं काढले आणि ३६चं ठाऊक नाही असं धरलं, तरी आकडा २ ते ३. स्टेज ३च.

कपाशी_ओपीडी

बरोबर, १६ आणि २६ हातानं काढलेले, ४६ किडीनं गेला, ३६ अज्ञात. केस रचताना हेच मनात होतं.

पांढरी_माती

व्याप्तीचं राहिलं. १० भागिले २४ म्हणजे ४२ टक्के. ३० टक्के किंवा जास्त म्हणून जनरलाइज्ड. इथे दात मोजायचे, जागा नाही. रक्ताची टक्केवारी मात्र जागांवर असते. ही सरमिसळ फार दिसते.

डिजिटल_नाही_फिल्म

ग्रेडवर येऊ. खरी गंमत तिथे आहे.

जुने एक्स-रे असतील तर पाच वर्षांत किती हाड गेलं ते पाहायचं: काहीच नाही तर ए, २ मिमीपेक्षा कमी तर बी, २ किंवा जास्त तर सी. आपल्याकडे पाच वर्षांपूर्वीचा एक्स-रे कुणाकडे असतो? म्हणून दुसरा रस्ता, हाडाची टक्केवारी भागिले वय. ०.२५च्या खाली ए, ०.२५ ते १ बी, १च्या वर सी.

आता टक्केवारी काढा. सीईजेपासून हाड ६, मूळ १२, म्हणजे ५० टक्के. ५० भागिले ४८ म्हणजे १.०४, ग्रेड सी. पण निरोगी माणसातही हाड सीईजेपासून दीड-दोन मिमी खालीच असतं. ते २ मिमी दोन्हीकडून वजा केले तर ४ भागिले १०, म्हणजे ४० टक्के. ४० भागिले ४८ म्हणजे ०.८३, ग्रेड बी. एक फिल्म, एक माणूस, दोन ग्रेड.

यूएनसी_पंधरा

वजा करणंच बरोबर. गेलेलं हाड मोजायचं आहे, आणि ते २ मिमी कधी गेलेलेच नाहीत. स्टेज दोन्ही हिशेबांत ३च राहते, कारण ४० टक्केही मधल्या तिसऱ्या भागात येतात. शिवाय सुरुवात बीपासून करायची आणि ए-कडे किंवा सी-कडे ढकलणारा पुरावा शोधायचा, असा मूळ दंडक आहे. १.०४सारख्या काठावरच्या आकड्यावर सीत ढकलू नये. कुठल्या पद्धतीनं काढलं ते कंसात लिहा, म्हणजे पुढचा माणूस त्याच पद्धतीनं तुलना करील.

डिजिटल_नाही_फिल्म

मान्य, पण फिल्मच चुकली असेल तर दशांशाला काय अर्थ? आरव्हीजी (डिजिटल एक्स-रे) सगळीकडे नाही, आणि जिथे आहे तिथे वीज असेलच असं नाही. हातानं धुतलेल्या फिल्मवर आपल्या उन्हाळ्यात काय होतं ते सांगतो. डेव्हलपर २० अंशाला ५ मिनिटं, साडेचोवीसला ३ मिनिटं, सत्तावीसच्या जवळपास अडीच. मे महिन्यात वर्धा-चंद्रपूरकडे खोलीतला डेव्हलपर दुपारी ३५च्या पुढे जातो आणि हात मात्र सवयीनं ५ मिनिटांचीच वाट पाहतो. फिल्म काळवंडते, आणि सगळ्यांत आधी उडते ती दोन दातांमधल्या हाडाची पातळ टोकदार कड. हाड असतं, फिल्मवर दिसत नाही. मिमी-दीड मिमी लॉस आपोआप वाढतो आणि बीचा सी होतो.

उपाय साधा. डेव्हलपरची वाटी माठातल्या पाण्यानं भरलेल्या परातीत ठेवायची, थर्मामीटर बुडवून वेळ ठरवायची, शक्यतो सकाळीच फिल्म धुवायची. फिक्सरमधून काढल्यावर नीट धुणं टाळू नका, नाहीतर फिल्म पिवळी-तपकिरी होते.

दुसरं म्हणजे रुग्णाच्या अंगठ्यानं धरलेली फिल्म. ट्यूबचा उभा कोन वाढला की दात आखूड दिसतो, कमी झाला की लांब दिसतो. होल्डर वापरा. फार महाग येत नाही आणि निर्जंतुक करून पुन्हा वापरता येतो. दाढांच्या गालाकडच्या आणि जिभेकडच्या कस्पांची (उंचवट्यांची) टोकं एकमेकांवर बसलेली दिसली तर कोन बऱ्यापैकी बरोबर आहे.

झाडीपट्टी_दंत

पूर्वेकडच्या मंडळींसाठी एक भर. गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेल विचारल्याशिवाय एक्स-रे वाचू नका. दाढांच्या मुळांमधल्या हाडाची जाळी आडव्या शिडीसारखी दिसते आणि हाड विरळ वाटतं. कड शाबूत असेल तर तो पेरिओडोन्टायटिस नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिकलसेलच्या रुग्णात एचबीएवनसी खोटं कमी येऊ शकतं, कारण लाल पेशी लवकर मरतात आणि त्यांच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही. ६.२ पाहून ग्रेड बी ठरवली आणि उपाशीपोटीची साखर २०० निघाली, तर तो आकडा फेकून द्यायचा. अशा रुग्णात उपाशी आणि जेवणानंतरच्या साखरेवर चला, किंवा फ्रुक्टोसामिन ही साखरेची दुसरी चाचणी करून घ्या.

पांढरी_माती

या केसला एचबीएवनसी ६.६ आहे. मधुमेह आहे आणि ७च्या खाली, म्हणून बी. ७ किंवा वर असतं तर थेट सी. पण दिवसाला ५ पुड्या खर्रा? तंबाखू तो तंबाखू. माझ्या मते सी.

यूएनसी_पंधरा

तक्त्यात तो रकाना धूम्रपानाचा आहे. दिवसाला १०च्या खाली सिगारेटी तर बी, १० किंवा जास्त तर सी. न ओढायच्या तंबाखूला तिथे जागा नाही. ५ पुड्यांच्या किती सिगारेटी करणार? पुडीत तंबाखू किती, सुपारी किती, हे पानठेल्यागणिक बदलतं. मनानं रूपांतर करून सी लिहिलं की दुसऱ्या गावच्या सीशी त्याची तुलना करता येत नाही.

पांढरी_माती

म्हणजे खर्ऱ्याची नोंदच नाही? मग हा तक्ता आपल्या कामाचा किती? इकडे सिगारेट ओढणारा एक भेटला तर खर्रा घोटणारे दहा भेटतात.

कपाशी_ओपीडी

नोंद हवीच, पण वेगळी. 'ग्रेड बी; खर्रा ५ पुड्या रोज, डावा गाल, इतकी वर्षं.' गालाची बाजू लिहिणं फार कामाचं. ३३-३४-३५कडे पाहा: हिरडी ४ मिमी उतरली, पॉकेट २, मधल्या बाजूंना काही नाही. अटॅचमेंट लॉस ६ (४ अधिक २) आहे म्हणून हे दात पेरिओडोन्टायटिसमध्ये मोजले तर दहाचे तेरा होतात. गालाकडचा लॉस धरायचा तर ३ मिमी किंवा जास्त लॉस आणि सोबत ३ मिमीपेक्षा खोल पॉकेट, असं किमान दोन दातांना हवं. इथे पॉकेट २च आहे. हा चुना-तंबाखूच्या गोळीनं झालेला स्थानिक उतार आहे. रिसेशन टाइप १ (हिरडी उतरली, पण दातांमधला आधार शाबूत) असं वेगळ्या ओळीत लिहा. आणि गोळी जिथे ठेवतात तिथला पांढरा चट्टा, गालाची ताठरता बोटानं चाचपल्याशिवाय रुग्णाला खुर्चीवरून उठू देऊ नका. त्या जागी हिरडीपेक्षा मोठी काळजी वेगळी आहे.

मोजपट्टी

तोंड उघडण्याचंही लिहा. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये (सुपारीनं गाल ताठ होऊन तोंड कमी उघडतं त्या आजारात) समोरच्या दातांतलं अंतर २० मिमीच्या खाली गेलं की प्रोब दुसऱ्या दाढेमागे सरळ जातच नाही. तिरका गेला की आकडा खोटा. अशा जागी '०' किंवा '३' भरू नका, 'मोजता आलं नाही' लिहा. ती जागा टक्केवारीच्या भाजकातूनही काढा.

दुसरी गोष्ट, आजूबाजूला सगळं ३ आणि एकाच जागी प्रोब अरुंद भोकातून ९ मिमी खाली गेला, तर तो पेरिओडोन्टायटिस समजू नका. सुपारी फोडून दाढेला उभी चीर गेलेली असते, नाहीतर मुळाच्या टोकाचा पू त्या वाटेनं बाहेर येत असतो. व्हायटॅलिटी (दात जिवंत आहे का) तपासा, कापसाच्या गोळीवर चावायला लावा. हिरडीच्या आजाराचं पॉकेट रुंद असतं, ४-५-७-५ असं उतरत जाऊन पुन्हा चढतं.

नवा_इंटर्न

प्रोब किती दाबायचा? सर म्हणतात २५ ग्रॅम. हाताला कसं कळणार?

मोजपट्टी

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, प्रोबचं टोक त्यावर टेकवून २५ येईपर्यंत दाबा. वीस-तीस वेळा केलं की हाताला कळतं. बहुतेकांचा पहिला दाब ५०च्या पुढे असतो. तेवढ्या दाबानं निरोगी हिरडीतूनही रक्त काढता येतं, आणि मग गावातल्या प्रत्येकाला जिंजिव्हायटिस (हाड न गेलेली नुसती हिरडीची सूज) होतो.

जिंजिव्हायटिसची रेषा १० टक्क्यांवर आहे. २८ दात, प्रत्येकी ६ जागा, एकूण १६८. रक्त १७ जागी आलं की जिंजिव्हायटिस, ३० टक्क्यांपुढे म्हणजे ५१ जागी आलं की जनरलाइज्ड. हे अर्थात लॉस नसलेल्या माणसासाठी. प्रोब टोचत टोचत नाही, कडेने चालवत न्यायचा, मिमी-मिमीनं वर-खाली. रक्त लगेच येत नाही, एका बाजूच्या तीन दातांचं मोजून झाल्यावर मागे वळून पाहा. आणि स्केलिंगच्या (दातांच्या सफाईच्या) आधी मोजा. मदतनीस बाई आधी स्केलिंग करून ठेवते आणि मग डॉक्टर प्रोब घेऊन येतात, असं चालत नाही.

नवा_इंटर्न

इम्प्लांटला प्लास्टिकचाच प्रोब हवा ना? स्टीलनं ओरखडे पडतात म्हणतात.

स्क्रू_आधी_बघा

प्लास्टिकचा मिळाला तर उत्तम, तो क्राउनच्या (इम्प्लांटवर बसवलेल्या दाताच्या) फुगवट्याला वळसा घालून जातो. नाही मिळाला म्हणून प्रोबच लावायचा नाही, हा आपल्याकडचा मोठा घोळ आहे. हलक्या हातानं स्टीलचा चालतो. न मोजल्यानं जे नुकसान होतं ते ओरखड्यापेक्षा कितीतरी मोठं.

रक्ताकडे नीट पाहा. प्रोब टेकला तिथे एक ठिपका आला, तर तो टोचल्याचाही असू शकतो. कडेनं रेघ धरून रक्त आलं किंवा थेंब ओघळला, तर सूज. सूज-रक्त आहे आणि सुरुवातीच्या बदलापलीकडे हाड गेलेलं नाही, तर पेरी-इम्प्लांट म्युकोसायटिस. रक्त किंवा पू, पहिल्यापेक्षा वाढलेली खोली आणि सुरुवातीच्या बदलापलीकडे गेलेलं हाड, तिन्ही असतील तर पेरी-इम्प्लांटायटिस. 'पहिल्यापेक्षा' या शब्दावर सगळं अडतं. क्राउन बसवला त्या दिवशीचा एक्स-रे आणि प्रोबिंग नसेल तर पहिलं कुठून आणणार? मुद्दाम खोल बसवलेल्या इम्प्लांटला काहीही आजार नसताना ५ मिमी मिळतात.

कागद नसलेल्यांसाठी वेगळा नियम आहे: रक्त किंवा पू, खोली ६ मिमी किंवा जास्त, आणि हाडात बसवलेल्या भागाच्या वरच्या टोकापासून हाड ३ मिमी किंवा जास्त खाली. एकत्र हवेत. आपल्या केसमध्ये पहिले दोन आहेत. तिसऱ्याचा आकडा द्या.

कपाशी_ओपीडी

फिल्मवर वरच्या टोकापासून मागच्या बाजूचं हाड ३.३ मिमी. इम्प्लांटची लांबी फिल्मवर ११.५ मिमी.

स्क्रू_आधी_बघा

दोन्ही बाजूंचे आटे कडक दिसतात का? एका बाजूचे आटे धुरकट असतील तर फिल्म इम्प्लांटला समांतर नाही, पुन्हा काढा. कडक असतील तर खरी लांबी हवी. रुग्णाला इम्प्लांटचं कार्ड मागा, किंवा ज्यांनी बसवला त्यांना फोन करा: कंपनी, व्यास, लांबी, क्राउन सिमेंटचा की स्क्रूचा. पाच मिनिटांचं काम आहे आणि अर्धं निदान त्यावर उभं आहे.

कपाशी_ओपीडी

समजा कळलं: १० मिमी लांब, क्राउन सिमेंटचा. आटे दोन्हीकडे कडक.

स्क्रू_आधी_बघा

मग ११.५ भागिले १०, म्हणजे फिल्म १.१५ पट मोठं दाखवते. ३.३ भागिले १.१५ म्हणजे २.९. न भागता लिहिलं असतं तर ३च्या पलीकडे गेलं असतं. नियमानं आज हा पेरी-इम्प्लांटायटिस होत नाही.

डिजिटल_नाही_फिल्म

०.१ मिमीनं? फिल्म मोजताना अर्ध्या मिमीची चूक सहज होते. ६ मिमी पॉकेट आणि रेघ धरून रक्त असलेल्या इम्प्लांटला 'फक्त म्युकोसायटिस' म्हणून घरी पाठवलं तर रुग्ण पुन्हा येईल तो थेट कापूस वेचणी संपल्यावर. तोवर आणखी दोन आटे उघडे पडतील.

स्क्रू_आधी_बघा

घरी पाठवा असं कोण म्हणतं? 'म्युकोसायटिस, हाड २.९, पेरी-इम्प्लांटायटिसचा संशय' लिहा आणि आजची फिल्म पहिली समजून जपा. क्राउन सिमेंटचा आहे म्हणजे हिरडीखाली उरलेलं सिमेंट पहिला संशयित. एक्सप्लोररनं मागची बाजू चाचपा, खडबडीत लागलं तर काढा, सफाई करा, मागून इंटरडेंटल ब्रश जातो का ते बघा. ६ ते १२ आठवड्यांनी पुन्हा प्रोब. रक्त तसंच असेल तर पेरिओडोन्टिस्टकडे पाठवा, फिल्मसकट.

इम्प्लांट हलतो अशी तक्रार असेल तर आधी अबटमेंटचा (इम्प्लांट आणि क्राउनमधल्या जोडाचा) स्क्रू बघा. शंभरदा सांगून झालं. स्क्रू सैल झाला की क्राउन डुलतो, फटीत अन्न अडकतं, हिरडी सुजते, आणि चांगला हाडाला धरलेला इम्प्लांट उगाच काढला जातो. खुद्द इम्प्लांटच हलत असेल तर मात्र हाडाची पकड सुटली, तिथे स्टेज-बिज काही नाही, काढायचाच.

नवा_इंटर्न

स्केलिंगनंतर पॉकेट ४ झाले तर स्टेज ३ची २ करायची का?

यूएनसी_पंधरा

नाही. गेलेलं हाड गेलं, स्टेज खाली उतरत नाही. बदलते ती सद्यस्थिती: स्थिर, सुधारतं आहे पण सूज बाकी, किंवा अस्थिर, म्हणजे आजार चालू आहे वा पुन्हा उलटलाय. कुठेही ४च्या वर पॉकेट नाही, ४च्या जागी रक्त नाही आणि एकूण रक्त १० टक्क्यांच्या आत, तर स्थिर. ग्रेड मात्र पुढे पुरावा मिळाला तर बदलू शकते.

कपाशी_ओपीडी

मग ओळ अशी झाली, चुकलं असेल तर खोडा:

'जनरलाइज्ड पेरिओडोन्टायटिस, स्टेज ३, ग्रेड बी (हाड ४० टक्के, २ मिमी वजा करून, गुणोत्तर ०.८३), अस्थिर, रक्त ४२ टक्के. मधुमेह, एचबीएवनसी ६.६. खर्रा ५ पुड्या रोज, डावा गाल. ३३-३५ गालाकडून रिसेशन टाइप १. ४६ इम्प्लांट, १० मिमी, सिमेंटचा क्राउन: पेरी-इम्प्लांट म्युकोसायटिस, मागे ६ मिमी, हाड २.९, पेरी-इम्प्लांटायटिसचा संशय.'

मोजपट्टी

सिकलसेलची तपासणी झाली का ते घाला, नाहीतर ६.६वर विश्वास ठेवता येत नाही. आणि तोंड किती उघडतं, तो आकडा राहिला.

कपाशी_ओपीडी

सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह, तोंड ३४ मिमी उघडतं. घातलं.

डिजिटल_नाही_फिल्म

फिल्म पाकिटात घालताना तारीख बॉलपेननं पाकिटावर लिहा, फिल्मवर नको. आणि स्टेपलर इम्प्लांटच्या जागेवर मारू नका.